दूध तोडलेली पिलं

२ डिसेंबर, सोमवार

आज दूध तोडलं. तीन डुकरिणींची सत्तावीस पिलं, वय अठ्ठावीस दिवस. सकाळी दहाला आया पलीकडच्या शेडमध्ये नेल्या आणि जो कल्ला सुरू झाला तो संध्याकाळी पाचलाही थांबला नव्हता. केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाया हात थांबवून बघत होत्या.

शेडवर कामाला असलेला सुकलाल सकाळीच म्हणाला, "ताई, अजून दोन हप्ते आईपाशी राहू द्या. पोट कच्चं हाय त्याहिचं." मी प्रशिक्षणाची पुस्तिका काढून त्याच्यापुढे धरली. त्याला वाचता येत नाही, मला माहीत आहे. तरी धरली.

खरं कारण पुस्तिका नाहीच. बारा तारखेला मालती मॅडम चाळीस बायका घेऊन येताहेत. डोईफोडिया गावाकडच्या, बचत गटांतल्या. 'अँटिबायोटिक न देता दूध तोडलेली पिलं कशी सांभाळायची' हे बघायला — माझ्याकडे! मॅडमनीच मला दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षण केंद्रात शिकवलं, आणि आता म्हणतात, "पूर्णिमा, जिल्ह्यात दाखवण्यासारखं तुझंच शेड आहे." पिलं आईला लोंबकळलेली असली तर दाखवायचं काय? ओळीनं उभी राहून कुंडीत खाणारी पिलं हवीत. म्हणून तोडली.

४ डिसेंबर, बुधवार

खातात! काय खातात! कुंडी टाकली की पाच मिनिटांत साफ. या वेळी खुराकात घरचं सोयाबीन दळून जास्त घातलंय, वजन चटकन दिसावं म्हणून. सुकलाल म्हणाला, "सोयाबीन भाजून तरी घ्या." इतकं कोण भाजत बसणार? मग म्हणाला, "दाणा कमी टाका, ताक द्या, ज्वारीची आंबलेली पेज द्या." मी म्हटलं, "सुकलाल, इथे सगळं मापानं आहे. तुमच्या वस्तीवरची डुकरं नाहीत ही."

तो हसला. मग बादली घेऊन गेला.

माझ्या नवऱ्यानं, नंदकुमारनी, बारा तारखेची शाळेत सुट्टी टाकली आहे, मदतीला. कारण लिहिलं — घरगुती कार्यक्रम. स्टाफरूममध्ये अजून सगळ्यांना वाटतं की आमच्याकडे बकऱ्या आहेत. एकदा कोणीतरी विचारलं, "सर, ईदला एक बोकड मिळेल का?" घरी येऊन हसत सांगितलं त्यांनी. मी पण हसले. सासूबाई तर शेडवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मला चुलीकडे जाऊ देत नाहीत. दोन वर्षं झाली, रोज दोन आंघोळी. मला वाटायचं, या घरात एकटी मीच मोकळ्या मनाची.

६ डिसेंबर, शुक्रवार

पातळ. पिवळं, पाण्यासारखं. सकाळी चार पिलांना होतं, दुपारपर्यंत अकरांना. शेपटीखालचं लाल झालंय. कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरतात. सगळ्यात बारकं एक गेलं.

सुकलालनं आजारी पिलं वेगळी केली, खाली वाळलेला पेंढा पसरला, पोती शिवून वाऱ्याकडची बाजू बंद केली. मला न विचारता. "दाणा उचला ताई, एक दिवस नुसती पेज." मी म्हटलं, उपाशी ठेवलं तर वजन पडेल, सहा दिवसांनी बायका येणार. त्यानं माझ्याकडे बघितलं.

७ डिसेंबर, शनिवार

आणखी दोन गेली.

दुपारी स्कूटी काढली आणि सरळ शहरात गेले. ओळखीच्या दुकानात नाही. दुसरीकडे, जिथे मला कोणी ओळखत नाही. तोंडावर ओढणी होती. उन्हासाठी नव्हती. दुकानदाराला फक्त म्हटलं, पिलांना हगवण आहे. त्यानं काउंटरच्या खालून दोन पुड्या काढल्या. "पानी में डाल दो मॅडम, सब लेते हैं."

याच औषधाबद्दल मॅडम वर्गात बोलल्या होत्या. दवाखान्यात माणसाला काहीच लागू पडेना की डॉक्टर शेवटी जे काढतात ते हे. ते आपण जनावरांच्या पाण्यात ओतत राहिलो तर उद्या माणसालाही लागू पडणार नाही. मी वहीत खाली दोन रेघा मारल्या होत्या. जनावरांना द्यायला बंदीच आहे त्याला. सगळं माहीत होतं.

सुकलाल भाकरी खायला बांधावर गेला तेव्हा टाकीत कालवलं. कप्प्यावरच्या कार्डावर औषधाचा रकाना असतो. कोराच ठेवला.

९ डिसेंबर, सोमवार

थांबली. काल एक गेलं, आज एकही नाही. तेवीस उरली. खायला पळतात.

बरं वाटतंय. आणि बरं वाटतंय याचंच काहीतरी वाटतंय.

११ डिसेंबर, बुधवार

आज शेवटचा डोस. शेडला चुना मारला. फाटकापाशी रांगोळी काढायची म्हणते — सासूबाई हसल्या. "डुकरांपुढं रांगोळी!"

१२ डिसेंबर, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

बायका अकराला आल्या, दोन गाड्यांतून. मी नवीन साडी नेसले होते. छान चाललं होतं. पिलं ओळीनं खात होती. मी खुराक दाखवला, पाण्याची टाकी दाखवली, म्हटलं — "माझ्या शेडमध्ये अँटिबायोटिकचा एक दाणा नाही." टाळ्या वाजल्या. सरुबाई म्हणून डोईफोडियाची एक बाई आहे, उंच, कपाळावर मोठं कुंकू, तिनं विचारलं, "मेली किती?" मी म्हटलं चार. "काय झालं व्हतं?" मी म्हटलं थंडी.

मग तिनंच टाकीमागून काहीतरी उचललं. "मॅडम, हे काय हाय?"

पुडीचा फाटलेला कागद. मी जाळला होता असं मला वाटत होतं. दुसरी पुडी जाळली, पहिली विसरले.

मॅडमनी वाचलं. चेहराच उतरला त्यांचा. "पूर्णिमा? हे काय आहे?"

चाळीस बायका. नंदकुमार बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभे.

मी म्हटलं — "सुकलालनं आणलं असेल. मला काहीच माहीत नाही."

असं म्हटलं. एका दमात. अडखळले पण नाही! मला वाटलं होतं खोटं बोलायला वेळ लागतो.

सुकलाल चार हातांच्या अंतरावर बादली घेऊन उभा होता. मॅडम त्याच्यावर घसरल्या, हिंदीत, सगळ्यांसमोर — "शरम नहीं आती? जानते हो ये क्या चीज है? इतने लोगों की मेहनत पर पानी फेर दिया!" नंदकुमारनी भर घातली, "या लोकांना कितीही सांगा मॅडम." हे लोक. साठीचा माणूस, आमच्याकडे दोन वर्षं राबलेला.

तो माझ्याकडे बघत होता. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. मी ट्रेमधले कप मोजत राहिले.

त्यानं बादली खाली ठेवली. नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. गमछाला पुसले आणि फाटकातून गेला. रांगोळीवर पाय न देता, कडेकडेनं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सुकलाल आले नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

औषध थांबलं आणि चौथ्या दिवशी हगवण वापस. या वेळी जास्त. दोन गेली.

दुपारी नंदकुमारना सांगितलं सगळं. ते वर्तमानपत्र वाचत होते. घडी घातली, ठेवलं. म्हणाले, "मग आता गप्प राहा. झालं ते झालं. दुसरा माणूस बघू." मी म्हटलं, तुम्ही पण त्यांना बोललात. तर म्हणाले, "मला कुठे माहीत होतं?" खरंय. त्यांना माहीत नव्हतं. फक्त मला.

सासूबाईंनी विचारलं, सुकलाल काहून येत नाही. मी म्हटलं, ताप आहे.

दुसरं खोटं. हे तर आणखी सोपं गेलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा दोन. एकोणीस उरली.

त्या दुकानापर्यंत गेले होते. बाहेर स्कूटी लावून उभी राहिले. दुकानदारानं ओळखलं, हात केला. "आइए मॅडम!" जसं काही रोजचं गिऱ्हाईक! तशीच किक मारून निघाले.

घरी येऊन मॅडमना फोन लावला. पिलांचं विचारायला — बाकी काही बोलायची हिंमत नाही. त्यांनी एकेक विचारलं. किती दिवसांची तोडली? खुराकात काय? "कच्चं सोयाबीन? भाजलं नाहीस? अगं, आईच्या दुधावरचं पोट ते. एकदम एवढं जड घातलंस तर वर पचत नाही, खाली आतड्यात जाऊन सडतं. त्यावरच वाईट जंतू वाढतात. औषधानं ते दबले, चांगले पण मेले. औषध थांबलं की वाईट आधी उठणार." मग सांगितलं — खुराक हलका कर, कोंडा घाल, थोडं थोडं दिवसातून सहा वेळा दे, आंबट काहीतरी दे, ताक, आंबवलेली पेज. कोरडं आणि उबदार ठेव.

एकेक शब्द सुकलालचा. फक्त मॅडमच्या तोंडून.

शेवटी म्हणाल्या, "आणि त्या माणसाला काढलंस ना? बरं केलंस."

मी म्हटलं, "हो."

१९ डिसेंबर, गुरुवार

पेज जमत नाही. काल केली ती कुजली, वास सुटला. आज केली ती आंबलीच नाही. थंडी आहे. ताक किती, पाणी किती, किती वेळ झाकून ठेवायची? दोन वर्षं तो माझ्यासमोर आपल्या डुकरांच्या गोष्टी सांगायचा आणि मी हं हं करायचे.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी एक गेलं. अठरा.

दुपारी सुकलालच्या वस्तीवर गेले. माफी मागायला जातेय असं मनाशी म्हणत गेले. वस्ती नाल्यापलीकडे आहे, आमच्या शेतापासून दीड किलोमीटर. दोन वर्षांत पहिल्यांदा गेले.

सुकलाल नव्हते. त्यांची सून दीपाली होती, अंगणात भांडी घासत. मला बघून उठली, हात पदराला पुसले. घरामागे दोन काळ्या डुकरिणी, आणि मातीच्या ओट्यावर उन्हात पडलेली दूध तुटलेली पिलं — गोल, चकचकीत, एकाचीही शेपटी घाण नाही. मी बघतच राहिले.

"बाबा बाहेर गेले," दीपाली म्हणाली. "काम बघायला."

मला वाटलं होतं त्यांना काम कमी नाही. आसपासच्या गावांत कोणाची डुकरीण अडली, पिलं आजारी पडली, तर सुकलालना बोलावतात. दीपाली म्हणाली, "आता नाही बोलवत कोणी. त्या बाया गेल्या ना तुमच्याकडून, त्यांनी सगळीकडे सांगितलं, सुकलाल चोरून दवा घालतो. कालच एकानं दारातून वापस पाठवलं." रागानं नाही बोलली. जसं आहे तसं सांगितलं. तिला पण वाटतंय की सासऱ्यानं केलं असेल? विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता बोल, आता बोल, असं चाललं होतं मनात. आणि तोंडातून काय निघालं? "दीपाली, पेज कशी करता तुम्ही?"

तिनं सांगितलं! सगळं सांगितलं. ज्वारीची कणी शिजवून कोमट करायची, कालच्या पेजेतली वाटीभर विरजणासारखी घालायची, मडकं पेंढ्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ताक मिसळून पातळ करायची. हगवण असेल तर कच्ची केळी सालीसकट उकडून कुस्करायची. "तुमच्याकडे तर केळीच केळी," म्हणाली. एका डब्यात विरजण पण घालून दिलं.

डबा घेऊन आले. माफी तशीच राहिली. एक माणूस लुबाडून पोट भरलं नाही, म्हणून त्याच्या घरून पुन्हा घेऊन आले मी.

२४ डिसेंबर, मंगळवार

केळीचा माल निघताना नाकारलेले कच्चे घड बांधावर पडलेले असतात. तेच उकडते. सोयाबीन सगळं भाजून घेतलं, तेही निम्मं. बाकी मक्याचा भरडा आणि कोंडा. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. हाताला फोड आलेत.

आज सकाळी सोळा पिलांचं घट्ट होतं. त्या घाणीकडे बघून मला रडू आलं! नंतर आठवलं हे कोणाचं आहे.

३१ डिसेंबर, मंगळवार

अठराच्या अठरा. एकही पातळ नाही. औषधाचा थेंब नाही.

कोणाला सांगू?

४ जानेवारी, शनिवार

मॅडमचा फोन. पिलांचं विचारलं, मी पेज, केळी सगळं सांगितलं. खूश झाल्या. अठरा तारखेला खकनारला गटांचा मेळावा आहे, तिथे माझा सत्कार! "दहा मिनिटं बोल. हगवण लागलेली पिलं तू औषधाशिवाय कशी वर काढलीस, पेज, केळी, सगळं सांग. तुझा प्रयोग आहे, बायकांना उपयोगी पडेल."

माझा प्रयोग.

नाही म्हणता आलं असतं. "बरं मॅडम" म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी सगळे राजघाटावर गेलो. तापीचं पाणी असं थंड की पाय कापल्यासारखे झाले. सासूबाईंनी तीन बुड्या घेतल्या, या वयात! त्या कपडे बदलत होत्या, नंदकुमार ओळखीच्या कोणाशी बोलत होते. आणि मला पायऱ्यांवर सुकलाल दिसले. एकटेच बसले होते, डोकं पुसत.

तिळगुळाची पुडी हातात होती. गेले. त्यांनी घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला. आणि पहिलं काय विचारलं? "पिलं बरी हायेत का?"

मी म्हटलं, अठरा राहिली. मग म्हटलं, "ती पुडी मी घातली होती. पाण्यात. मी घातली."

"माहीत हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"पाण्याला वास व्हता ताई. आठ तारखेलाच समजलं मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कोणापुढं बोलू? शेड तुमचं, मॅडम तुमची, मास्तर तुमचे. माझं कोणी ऐकलं असतं?" तीळ दाढेत अडकला होता, तो काढत काढत बोलत होते. रागावलेले पण दिसत नव्हते, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी म्हटलं, "माझं चुकलं. मला माफ करा दादा." पहिल्यांदा दादा म्हटलं. त्या घाटावर.

ते उठले. गमछा खांद्यावर टाकला. "मला सांगून काय फायदा? मला तर माहीतच व्हतं. ज्याहिला माहीत नाही त्याहिला सांगा."

आणि पायऱ्या चढून गेले.

१६ जानेवारी, गुरुवार

नंदकुमारना सांगितलं की मेळाव्यात खरं बोलणार आहे. म्हणाले, "वेडी आहेस का? सगळं जाईल. मॅडमची पण नाचक्की होईल, त्यांनी तुला पुढे केलं." तेही बरोबर आहे. न जेवताच उठले.

मॅडमना आधी फोन करून सांगावं का? दोनदा नंबर काढला. पण आधी सांगितलं तर त्या मला बोलूच देणार नाहीत. आणि मला ते आवडेल.

१८ जानेवारी, शनिवार

झालं.

मंडपात दोनेकशे बायका. शाल, नारळ, फोटो. मॅडम माझ्याबद्दल इतकं छान बोलल्या की वाटलं खाली बसावं आणि उठूच नये. मग माईक हातात दिला.

आधी पिलांचं सांगितलं, कारण ते खरं होतं आणि उपयोगाचं होतं. चार हप्त्यांत तोडू नका, सहा हप्ते राहू द्या. दुधावर असतानाच खुराकाची चव लावा. कच्चं सोयाबीन नको. पेज, ताक, उकडलेली केळी. बायका लिहून घेत होत्या.

मग म्हटलं, "यातलं काहीही माझं नाही. हे सगळं सुकलालदादांचं आहे. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पिलं मरायला लागली तेव्हा ती पुडी मी विकत आणली. मी पाण्यात घातली. आणि तुमच्यासमोर त्यांचं नाव घेतलं."

माईक घरघरला. कोणीतरी मागून म्हणालं, काय बोलली? मला पुन्हा सांगावं लागलं! एकदा बोलायला महिना लागला, आणि तेच दुसऱ्यांदा, मोठ्यानं, "ऐकू आलं का?" असं विचारत.

मॅडम उठून मंडपाच्या मागे गेल्या. शाल माझ्या खांद्यावरच होती. मी ती घडी करून टेबलावर ठेवली. टाळ्या नाहीत, शिव्या पण नाहीत. नुसती कुजबुज.

खाली उतरले तर सरुबाई समोर. मला वाटलं आता मारते. म्हणाली, "मी सोता जाऊन सांगितलं व्हतं चार गावांत, सुकलाल चोर हाय. आता त्या चार गावांत तू चल माझ्यासंग. मी एकटी नाही जाणार तोंड दाखवायला."

हो म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. नंदकुमारच्या शाळेच्या ग्रुपवर पण आलंय. म्हणजे आता स्टाफरूमला दोन गोष्टी कळल्या. बकऱ्या नाहीत, डुकरं आहेत. आणि बायको खोटारडी आहे.

सासूबाईंनी शेजारणीच्या मोबाइलवर पाहिलं. दुपारी मला समोर बसवलं. "डुकरांचं मला काही नाही वाटत आता. सवय झाली. पण त्याला ताप आला म्हणालीस मला." बस्स. इतकंच. मॅडम, मेळावा, सत्कार, काही नाही. तो ताप लागला त्यांना.

२३ जानेवारी, गुरुवार

सरुबाईबरोबर तीन गावं झाली. प्रत्येक ठिकाणी चौकात बायका, माणसं जमवते आणि मला म्हणते, "सांग." एका गावात एक म्हातारा हसला आणि म्हणाला, बाई, एवढं काय त्यात, डुक्करवाल्याचं नाव तर घेतलं! सरुबाईनं त्याला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. पण मी घरी येताना विचार करत होते — बारा तारखेला माझ्या मनात हेच असणार. एवढं काय त्यात. नाहीतर ते नाव इतक्या पटकन तोंडावर आलंच नसतं. नंदकुमारचं आलं नसतं. माझं स्वतःचं तर नाहीच.

मॅडमनी केंद्राकडून निरोप पाठवला, माझं शेड यादीतून काढलंय. फोन उचलत नाहीत. उचलू पण नयेत.

२६ जानेवारी, रविवार

नंदकुमार झेंडावंदन करून आले आणि म्हणाले, "चल, मी पण येतो." कुठे, ते बोलले नाहीत. स्कूटी वस्तीकडे वळवली.

सुकलालदादा अंगणात दोरी वळत होते. नंदकुमार उभ्यानंच म्हणाले, "मी तुम्हाला 'हे लोक' म्हटलं. चुकलं माझं." हातात झेंड्याचा बिल्ला तसाच होता, त्याच्याशी चाळा करत. दीपालीनं चहा आणला. आम्ही दोघं बाजेवर, दादा जमिनीवर. मी खाली बसायला लागले तर म्हणाले, "बसा हो वर, नाटक नको." मी वर बसले.

मी म्हटलं, "दादा, वापस या कामाला."

"माफ केलं म्हणून सांगितलं असतं, पण अजून सगळं नाही झालं. होईल हळूहळू." मग दोरीची गाठ मारली. "कामाला नाही येणार. तुमच्या शेडात पुन्हा बादली नाही उचलणार मी."

मी मान हलवली.

आम्ही निघताना दादा म्हणाले, पुढची डुकरीण विते तेव्हा थंडी ओसरेल, पण पेंढा कोरडा ठेवा.

१० फेब्रुवारी, सोमवार

शेडमधल्या दुसऱ्या दोन डुकरिणी व्यायल्या. एकोणीस पिलं. एकटीच करते सगळं. सकाळी नंदकुमार पाणी भरून देतात, शाळेत जायच्या आधी. परवा शर्टाला वास लागला तसाच गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन हप्त्यांची झाली पिलं. आयांपाशीच राहतील, सहा हप्ते. आजपासून पेज चाटायला देते, बशीत, बोटानं. एक पिलू आईखाली दबून मेलं. कार्डावर लिहिलं — एक, दबून, माझं लक्ष नव्हतं.

कोणी बघायला येत नाही. बरंय.

५ मार्च, बुधवार

दुपारी फाटकापाशी छोटा टेम्पो थांबला. दीपाली पुढे बसलेली. मागे दोन काळ्या डुकरिणी, तरण्या, गाभण. मला वाटलं विकायला आणल्या. म्हटलं, अगं, माझ्याकडे आता जागा —

"विकायच्या नाहीत," दीपाली म्हणाली. "बाबा बोलले, पूर्णिमाताईला बटाईवर द्यायच्या. डुकरिणी आमच्या. राखणार तुम्ही, पिलं होतील ती निम्मी आमची. हप्त्यातून एकदा बाबा बघायला येतील. नीट राखल्या नाही तर वापस नेतील."

मालक ते. राखणदार मी.

सासूबाई ओट्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनीच हाक मारली — "अगं, फाटक उघड की! उन्हात उभ्या हायेत त्या."